मानसशास्त्राची पदवी घेऊन परदेशी जाताना: मराठवाड्यातून निघण्याआधी काय करायचं, पोहोचल्यावर काय

लातूर असो, नांदेड असो की संभाजीनगर, मानसशास्त्र विभागात हल्ली दर वर्षी हा प्रश्न येतोच. कुणाचं लग्न ठरलेलं असतं आणि मुलगा न्यू जर्सीत असतो, कुणाच्या नवऱ्याला कंपनी म्युनिकला पाठवत असते, कुणाला स्वतःच्या हिमतीवर इंग्लंडला एम.एस्सी. करायची असते. विचारणं मात्र एकच: "मॅडम, माझ्या सायकॉलॉजीचं तिकडे काय होईल?"

डिग्री वाया जात नाही. पण डिग्री दाखवली आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिस सुरू केली, असंही कुठल्याच देशात होत नाही. मधे लागतात पुरावे: काय शिकलात, किती तास शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत. हे पुरावे इथे असताना चार हेलपाट्यांत जमतात. तिथे गेल्यावर त्याच कागदांसाठी भावाला, काकांना, मैत्रिणीला विद्यापीठात पाठवावं लागतं आणि महिनेच्या महिने जातात. म्हणून या लेखाचा मोठा भाग निघण्याआधीच्या कामांवर आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

परदेशात तुमची तपासणी दोनदा होते. पहिली शैक्षणिक: तुमची बी.ए. किंवा एम.ए. तिथल्या कुठल्या पदवीच्या तोडीची आहे. हे काम अमेरिका-कॅनडासाठी डब्ल्यू.ई.एस.सारख्या संस्था करतात, ब्रिटनमध्ये यूके एनिक करते. दुसरी व्यावसायिक: तुम्हाला रुग्ण किंवा क्लायंट बघण्याचा परवाना द्यायचा का. हे तिथलं नियामक मंडळ ठरवतं. पहिल्या तपासणीत "मास्टर्सच्या समकक्ष" असा शेरा मिळाला म्हणून दुसरी आपोआप पार पडत नाही. सॉफ्टवेअरवाल्या नवऱ्याला किंवा भावाला ही अडचण कधी आलेली नसते, त्यामुळे घरातले सहज म्हणतात, "तिकडे गेल्यावर बघू." मानसशास्त्र हा आरोग्याच्या बाजूचा व्यवसाय आहे. इथे "तिकडे गेल्यावर बघू" फार महाग पडतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे तुम्हाला नक्की काय व्हायचंय ते कागदावर लिहून काढणं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, स्कूल सायकॉलॉजिस्ट, संशोधक, की कंपनीत एच.आर.? शेवटच्या दोन कामांना बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही. पहिल्या तिघांना लागू शकतो, आणि प्रत्येकाचं मंडळ वेगळं.

आपल्या बी.ए.ची अडचण कुठे आहे

जुन्या पॅटर्नच्या बी.ए.त मानसशास्त्र हा तीन ऐच्छिक विषयांपैकी एक असायचा. सोबत इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, समाजशास्त्र. आपण अभिमानाने "माझं बी.ए. सायकॉलॉजी" म्हणतो, पण गुणपत्रिका परक्या देशातल्या तपासनिसापुढे ठेवली की तो मानसशास्त्राचे पेपर मोजतो, आणि ते निम्मेसुद्धा भरत नाहीत. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी पदवीला मान्यता देताना नेमकं हेच बघते, की अभ्यासक्रमाचा किमान निम्मा भाग मानसशास्त्राचा आहे का. शिवाय संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि स्वतः केलेला संशोधन प्रकल्पही हवा असतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न कॉलेजांमध्ये 2024-25 पासून मेजर-मायनरची (एक मुख्य विषय, एक जोडविषय) पद्धत आली. आत्ता पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि परदेशी जायचा विचार मनात असेल, तर मानसशास्त्र मेजरच ठेवा, आणि जमल्यास चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्सचं करा. ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथे चार वर्षांच्या पदवीला धरून सगळी रचना आहे, त्यामुळे हे एक वर्ष पुढे फार उपयोगी पडतं.

तीन वर्षांची जुनी बी.ए. आणि वर एम.ए. असेल तरी घाबरू नका. दोन्हींचे पेपर एकत्र मांडून दाखवता येतात. एम.ए.चं डिझर्टेशन मात्र जपून ठेवा. जर्नल आणि प्रयोगवह्या जपून ठेवा. तोंडी परीक्षा झाली की त्या रद्दीत देऊ नका.

पदवी अर्धवट सोडून जायची वेळ आली तर

एक-दोन सेमिस्टर उरली असतील तर पूर्ण करूनच निघा. माझं मत याबाबत ठाम आहे. लग्नाची तारीख काढताना पंचांगाशेजारी परीक्षेचं वेळापत्रकही ठेवा आणि सासरच्या मंडळींशी हे आधीच मोकळेपणाने बोला. तीन-चार महिने उशिरा जाण्याने संसाराचं काही बिघडत नाही. अर्धवट पदवी मात्र तिथे जवळजवळ बारावी पासच धरली जाते. काही विद्यापीठं क्रेडिट ट्रान्सफर देतात, पण ते त्यांच्या मर्जीवर असतं, आणि तिथे पुन्हा सुरुवात करायची म्हणजे परदेशी विद्यार्थ्याची फी.

दीड-दोन वर्षं उरली असतील आणि थांबणं शक्यच नसेल, तर अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारी सरकारी ऑनलाइन व्यवस्था) आजवरच्या सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट जमा झालेत का ते बघा, मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) घ्या, आणि नव्या धोरणात एक वर्षाला सर्टिफिकेट व दोन वर्षांना डिप्लोमा मिळण्याची सोय आहे ती वापरून हातात काहीतरी पूर्ण झालेलं घेऊनच जा. "तिथून बाहेरून परीक्षा देईन" हा पूर्वीचा मार्ग आता बंद झाला आहे. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली आहे. एखादी खासगी संस्था अजून तशी जाहिरात करत असेल तर पैसे भरू नका.

नाव

बीडची एक मुलगी. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग तिचं नाव, मग वडिलांचं. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. एम.ए. लग्नानंतर केलं म्हणून तिथे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पासपोर्टवर चौथाच प्रकार. आपल्याला ही एकच व्यक्ती दिसते. परदेशातल्या तपासनिसाला चार दिसतात, आणि तो फाइल बाजूला ठेवतो.

यावर उपाय असा. सगळी कागदपत्रं एकाखाली एक मांडा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर एका कागदावर उतरवा. विद्यापीठाची चूक असेल तर परीक्षा विभागात दुरुस्तीचा अर्ज करा. याला वेळ लागतो, म्हणून हे सगळ्यात आधी करा. लग्नाने नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून तो गॅझेटचा कागद ठेवा. परवाना आयुष्यभर ज्या नावाने वापरायचा तेच नाव पासपोर्टवर ठेवणं सोयीचं जातं. लग्नानंतर माहेरचंच नाव ठेवायचा विचार असेल तर या एका कारणासाठीही तो चांगला आहे.

मराठवाड्याची स्वतःची एक गुंतागुंत आहे. 14 जानेवारी 1994 च्या नामविस्ताराआधीच्या पदव्यांवर "मराठवाडा विद्यापीठ" आहे, नंतरच्यांवर "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ". त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि नांदेड, लातूर, परभणीकडची कॉलेजं तिकडे गेली. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. पासपोर्टवर जन्मठिकाण औरंगाबाद, ट्रान्सक्रिप्टवर (विद्यापीठाने दिलेला सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) छत्रपती संभाजीनगर, असं असेल तर अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा जोडा. नामांतराची शासकीय अधिसूचना सोबत लावली की प्रश्न तिथेच संपतो.

विद्यापीठातून काय आणायचं

ट्रान्सक्रिप्ट एकापेक्षा जास्त प्रतींत मागा, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर विद्यापीठाचा शिक्का. डब्ल्यू.ई.एस.सारख्या संस्थांना ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं, म्हणून त्या संस्थेचा संदर्भ क्रमांक आधी काढा आणि अर्जात लिहा. पदवी प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर दीक्षान्त समारंभाचा अर्ज भरून ते काढा. प्रोव्हिजनलवर सगळीकडे भागत नाही.

सर्वात मोलाचा कागद म्हणजे सिलॅबस. लोक हाच विसरतात. तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षाचा अभ्यासक्रम हवा: प्रत्येक पेपरचे घटक, तास, क्रेडिट, संदर्भग्रंथ. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बहुधा आजचा सिलॅबस असतो आणि पॅटर्न दर काही वर्षांनी बदलतो. विभागातल्या सरांकडे किंवा ग्रंथालयात जुनी प्रत मिळते. ती घेऊन प्राचार्यांकडून किंवा विभागप्रमुखांकडून पानोपानी सही-शिक्का घ्या. नियामक मंडळ जेव्हा "तुम्ही विकासात्मक मानसशास्त्र शिकलात का, किती तास?" असं विचारतं, तेव्हा नुसती गुणपत्रिका कामाला येत नाही.

उत्तरपत्रिका मराठीत लिहिल्या असतील तर ते लपवू नका. माध्यम मराठी असल्याचं सांगा आणि आयईएलटीएस किंवा पीटीई ही इंग्रजीची परीक्षा द्या. इंग्रजी माध्यमातून शिकला असाल तर तसा दाखला कॉलेजकडून घ्या; काही विद्यापीठं तो चालवून घेतात, परवाना मंडळं सहसा चाचणीच मागतात.

शिफारसपत्राबद्दल एक बारीक गोष्ट. परदेशी विद्यापीठ शिफारस करणाऱ्या प्राध्यापकांना थेट मेल पाठवतं आणि संस्थेच्या डोमेनचा पत्ता मागतं. आपल्याकडे बहुतेक प्राध्यापक जीमेल वापरतात आणि तिथेच अर्ज अडतो. सरांना आधीच विनंती करा, कॉलेजचा अधिकृत मेल सुरू करून घ्यायला मदत करा, आणि मेल कधी येईल त्याची आठवण द्या.

अपोस्टिलचंही (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) इथूनच उरका. भारत 2005 पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका यांना परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. दुबई-अबुधाबीला जात असाल तर ते पुरत नाही. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, अशी साखळी पूर्ण करावी लागते.

तासांची वही

इथे जरा थांबून लिहिते, कारण पुढे सगळ्यात जास्त पश्चात्ताप याचाच होतो. एम.ए. करताना तुम्ही संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकृतीशास्त्र विभागात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने 2015 मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात, एखाद्या मतिमंद मुलांच्या शाळेत काम केलेलं असतं. खेड्यात जाऊन, कर्जाखाली पिचलेल्या घरात बसून मिळवलेला हा अनुभव लंडनच्या विद्यार्थ्यालाही मिळत नाही. पण हातात काय असतं? "इंटर्नशिप समाधानकारकरीत्या पूर्ण केली" अशी एक ओळ.

आजपासून वही ठेवा. प्रत्येक दिवसाची नोंद अशी: तारीख, ठिकाण, प्रत्यक्ष रुग्णासोबत किती तास, नुसतं निरीक्षण किती, मार्गदर्शकासोबत चर्चा किती, कामाचा प्रकार (मुलाखत, चाचणी, समुपदेशन, गटकाम), रुग्णाचं वय आणि स्त्री की पुरुष, नाव नाही, शेवटी मार्गदर्शकाची सही. आठवड्याची बेरीज पानाच्या तळाशी. महिनाअखेर शिक्का. प्रत्यक्ष तास आणि निरीक्षणाचे तास कधीही एकत्र करू नका, कारण मंडळं ते वेगळे मोजतात. मार्गदर्शकाची पात्रताही लिहून ठेवा. ते भारतीय पुनर्वास परिषदेत (भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणीकृत असतील तर नोंदणी क्रमांकासह.

चाचण्यांची नावं लिहिताना त्या काय आहेत ते एका ओळीत सांगा. "बिने-कामत" म्हटलं की आपल्याला कळतं. तिकडच्याला "स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीचं मराठी-कन्नड भाषिकांसाठीचं रूपांतर" असं लिहिल्याशिवाय कळणार नाही.

रुग्णांच्या फाइली, त्यांचे फोटो, ध्वनिमुद्रणं मात्र सोबत नेऊ नका. ती गोपनीयता आहे आणि ती देशाच्या सीमेवर संपत नाही.

देशोदेशीचे रस्ते

ब्रिटनपासून सुरुवात करते, कारण आपल्या मुली सर्वाधिक गोंधळतात त्या तिथे. नुसतं "सायकॉलॉजिस्ट" हे नाव तिथे कायद्याने राखीव नाही, पण "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट", "कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट", "एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट" अशी नावं राखीव आहेत आणि ती 2009 पासून एचसीपीसी या मंडळाकडे आहेत. विद्यार्थ्याचा रस्ता असा: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीकडून आपल्या पदवीचं मूल्यमापन, कमी पडली तर ती उणीव भरून काढणारी एक वर्षाची कन्व्हर्जन एम.एस्सी.; मग असिस्टंट सायकॉलॉजिस्टसारख्या कामाचा अनुभव; मग तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट. कन्व्हर्जन एम.एस्सी. निवडताना ती सोसायटीची मान्यता असलेलीच आहे ना, हे सोसायटीच्या यादीत स्वतः बघा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. "एम.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी" नावाचा एक वर्षाचा कोर्स करून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, आणि याच नावाला भुलून घरच्यांनी शेत गहाण टाकल्याचं पाहिलं की जीव तुटतो. डॉक्टरेटच्या जागांसाठी चुरस तीव्र आहे. त्याआधी एनएचएसच्या (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीज या समुपदेशन सेवेतलं सायकॉलॉजिकल वेलबीइंग प्रॅक्टिशनरचं प्रशिक्षण हा एक वास्तव टप्पा आहे. जानेवारी 2024 पासून शिकवणी-पद्धतीच्या मास्टर्सला जाणाऱ्यांना जोडीदाराला डिपेंडंट म्हणून नेता येत नाही, हेही घरी आधी सांगा.

अमेरिकेत परवाना राज्याचा असतो. स्वतंत्र सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर पीएच.डी. किंवा साय.डी. (मानसशास्त्राची व्यावसायिक डॉक्टरेट), देखरेखीखालचे हजारो तास (कॅलिफोर्नियात 3000) आणि ईपीपीपी ही परवान्याची परीक्षा. आपली एम.ए. असणाऱ्यांना मला जवळचा वाटणारा रस्ता समुपदेशनाचा आहे: साधारण 60 क्रेडिटची, शक्यतो सीएसीआरईपी (समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची मास्टर्स, मग देखरेखीखाली काम, मग राज्याचा परवाना. शाळेत रमणाऱ्यांनी स्कूल सायकॉलॉजीचा स्पेशालिस्ट स्तराचा कोर्स बघावा. त्याला डॉक्टरेट लागत नाही.

एच-4 व्हिसावर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) जाणाऱ्यांनो, हे नीट वाचा. एच-4 वर शिकता येतं. काम करता येत नाही, जोवर नवऱ्याचं ग्रीनकार्डचं आय-140 (कंपनीने त्याच्यासाठी केलेला अर्ज) मंजूर होऊन (किंवा त्याची एच-1बी सहा वर्षांपुढे वाढून) तुम्हाला कामाची परवानगी मिळत नाही. कोर्समधल्या पगारी प्रशिक्षणासाठी आणि नंतरच्या कामासाठी एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा सोयीचा पडतो, म्हणून प्रवेशाआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हे विचारा.

ऑस्ट्रेलियाचा कारभार त्या मानाने सरळ आहे. देशभर एकच मंडळ, नोंदणी आहप्रा या राष्ट्रीय संस्थेमार्फत. तीन वर्षं पदवी, चौथं ऑनर्स, मग पाचवं-सहावं वर्ष, अशी चढती रचना, आणि तुमची पदवी कितव्या वर्षापर्यंत धरायची ते मूल्यमापनात ठरतं. बहुतेक भारतीय पदवीधरांना मधला एखादा ब्रिजिंग किंवा चौथ्या वर्षाचा कोर्स करावा लागतो. जुना "4+2" मार्ग (चार वर्षं शिक्षण, दोन वर्षं देखरेखीखालचं काम) 2022 मध्ये नव्या अर्जांसाठी बंद झाला. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत तो अजून दिसतो.

कॅनडात प्रांत बघून ठरवा. क्वेबेकमध्ये डॉक्टरेट आणि फ्रेंच, अल्बर्टात मास्टर्सवर नोंदणीचा मार्ग, ओंटारिओत सायकोथेरपिस्टचं वेगळं मंडळ. नवऱ्याला टोरांटो आणि कॅलगरी दोन्हीकडे नोकरीची संधी असेल, तर तुमचा परवाना कुठे लवकर मिळेल हाही त्या निर्णयाचा भाग करा.

जर्मनीत शिकायला जायचं तर दिल्लीच्या एपीएस केंद्राचं (पदवीचे कागद खरे आहेत का ते तपासणारं) प्रमाणपत्र लागतं. सायकोथेरपी करायची तर शासनाचं आप्रोबाट्सिओन, म्हणजे परवाना, आणि सी-1 (प्रगत) पातळीची जर्मन हवी. भाषेशिवाय तिथे संशोधन आणि कंपन्यांमधली कामं, एवढीच शक्यता राहते. निघण्याआधी सहा महिने जर्मनचा वर्ग लावलात तर ते पैसे सत्कारणी लागतील.

दुबईत डीएचए, अबुधाबीत डीओएच या आरोग्य खात्यांचा परवाना, आणि कागदांची डेटाफ्लो या कंपनीकडून मूळ संस्थेत पडताळणी. म्हणजे तुमच्या जुन्या नोकरीच्या ठिकाणी मेल येणार. तिथल्या भाऊसाहेबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तो मेल अनुत्तरित पडून राहतो आणि अर्ज रखडतो.

पोहोचल्यावरचं पहिलं वर्ष

शैक्षणिक मूल्यमापनाचा अर्ज पहिल्याच महिन्यात करा. परवाना मंडळाला तुमचा प्रश्न लेखी मेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मंडळातली माणसं नीट उत्तरं देतात; व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा अनुभव दोन वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या राज्याचा असू शकतो.

व्हिसा परवानगी देत असेल तर क्षेत्राच्या जवळचं काम पकडा, मग ते हुद्द्याने लहान का असेना. सपोर्ट वर्कर, शाळेत सहायक, ऑटिझम असलेल्या मुलांसोबतचं काम, संशोधन सहायक. इथे एम.ए. झालेल्या मुलीला हे कमीपणाचं वाटतं, आणि घरी फोनवर सांगायला जड जातं. पण त्या व्यवस्थेत रुग्णाशी कसं बोलतात, धोका दिसला तर कुणाला कळवतात, नोंदी कशा लिहितात, हे पुस्तकातून कळत नाही. पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तेच विचारतात.

तिथे बसून भारतातल्या लोकांचं ऑनलाइन समुपदेशन करायचा मोह होतो. पैसे घेऊन केलं तर ते बहुतेक व्हिसांच्या दृष्टीने काम ठरतं. आणि तिथल्या रहिवाशाला परवान्याशिवाय थेरपी देणं तर पुढच्या परवान्यालाच मारक ठरतं. क्लायंट ज्या ठिकाणी बसलाय तिथला कायदा सहसा लागू होतो, हे ध्यानात ठेवा.

खर्चाचं थोडक्यात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर प्रवर्गांसाठी राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. जाहिरात दर वर्षी निघते आणि मुदत कमी असते, म्हणून उत्पन्नाचा आणि जातवैधतेचा दाखला आधीच काढून ठेवा.

परत यायचं असेल तर

परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे एप्रिल 2025 चे नियम लागू आहेत, त्यामुळे तिथला कोर्स निवडतानाच ते वाचा. आणि भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, मग पदवी कुठल्याही देशाची असो. तुमची सध्या ही नोंदणी असेल तर परदेशात असतानाही तिचं नूतनीकरण चुकवू नका. नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाका, आणि परिषदेकडे नोंदवलेला फोन आणि मेल निघण्याआधी बदलून घ्या, कारण भारतातलं सिम बंद झालं की ओटीपी येत नाही.